वन्सं, गरगर म्हणजे काय?

वन्सं,

काल आम्ही दोघं जाऊन तुमची खोली रिकामी करून आलो. ट्रंक, स्टोव्ह, पातेली, पांढऱ्या साड्यांचं एक गाठोडं. एवढंच निघालं. सामान एसटीच्या टपावर चढवताना कंडक्टरनं विचारलं, "नर्सबाईंची बदली झाली का?" यांनी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते मलाही कळलं नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. तेराव्याला घरात सगळे रडले. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "एकदा रडून घे गं बाई, आतल्या आत ठेवू नकोस." मी त्यांना चहा करून दिला. सकाळी उठते, नळाला पाणी येतं तोवर भरून घेते, स्वयंपाक करते. शाळा उघडायला अवकाश आहे. यांचं ऑफिस सुरू झालं. इथे भिंगारमध्ये सगळं जिथल्या तिथे आहे. संध्याकाळी लष्कराच्या बराकींकडून बिगुल वाजतो, तोही ऐकू येतो. पण सगळं कानात कापूस घातल्यासारखं.

आमच्या शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "तू मराठी शिकवतेस, नणंदेवर चार ओळी लिही." म्हणजे जन्म कुठला, नर्सिंगचा कोर्स कुठे केला, नोकरी कुठे कुठे झाली. तुमचं लग्न आणि ते मोडणं हे अर्थातच वगळून. मी बसले लिहायला, पण ते काही जमेना. मला तुमच्याशी आपलं अर्धं राहिलेलं भांडण बोलायचं आहे. भांडण एका शब्दाचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, हिचं डोकं ठिकाणावर नाही.

दर वर्षी मेच्या सुट्टीत मी तुमच्याकडे पाथर्डीच्या बाजूला यायची. यंदा तुम्ही निरोप पाठवलात, "येऊ नकोस, इथे प्यायला पाणी नाही." मी तरी आले. बरोबर पीठ, चटणी आणि तुमच्या भावानं दिलेली लिंबं. तुम्ही दारातच म्हणालात, "सांगितलेलं ऐकायचं नाही, हे माझ्या भावाकडून शिकलीस का?" आणि माझ्या हातातली पिशवी घेतलीत.

पत्र्याच्या खोलीत दिवसभर एकटीला बसवेना, म्हणून मीही तुमच्याबरोबर दुष्काळी कामावर येऊ लागले. गावाबाहेर पाझर तलावाचं काम चाललं होतं. अर्धा तालुका तिथे माती उपसत होता, त्यात बायकाच जास्त. एरवी ही माणसं उसाच्या तोडीला गोदावरीकडे, प्रवरेकडे जायची. यंदा तिकडेही ऊस वाळून गेलेला. सरकारनं तुम्हाला औषधांची पेटी घेऊन तिथे बसवलं होतं. बांबूवर गोणपाट टाकलेली सावली, तिच्या खाली लुगड्यांच्या झोळ्या, झोळ्यांत पोरं. तुम्ही हातापायांच्या जखमा बांधायचात, मी झोळ्यांना झोका द्यायची. दुपारी सुकडी वाटायची. ते गोडसर कोरडं पीठ बायका थोडं खायच्या आणि उरलेलं घरच्यांसाठी पदरात बांधायच्या.

पहिल्याच दिवशी मी तो शब्द ऐकला. एक बाई आली, घमेलं बाजूला ठेवून मटकन बसली आणि म्हणाली, "बाई, लई गरगरतंय वो." ती उठली तोवर दुसरी आली. तिचंही तेच. तिसरीचंही.

रात्रीच्या जेवणासाठी तुम्ही रेशनवर मिळालेल्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापत होतात. मी म्हटलं, "वन्सं, या बायकांना भोवळ म्हणायचं असतं. नाहीतर घेरी. गरगर म्हणजे फिरणं. जातं गरगर फिरतं, वावटळीत पाचोळा गरगर फिरतो. बघणाऱ्याला जे दिसतं ते गरगर. भोवळ आतली, ती ज्याची त्यालाच."

"त्यांच्या लेखी बाहेरचंच फिरतंय," तुम्ही म्हणालात. "माती फिरतीय, घमेलं फिरतंय, मुकादम फिरतोय. आपण बसलोय जागच्या जागी."

"पण तसं काही फिरत नसतं."

"तुझ्यासाठी नसतं."

"मग उपास, ऊन, आजारपण, सगळं एकाच शब्दात कोंबायचं? असा शब्द काय कामाचा?"

"पुढचं विचारायला मी आहे ना." भाकरी तव्यावर पडली. "बसल्यावर थांबतं का? डोळे मिटल्यावर वाढतं का? सकाळी पोटात काय गेलं? त्यांनी एक शब्द आणायचा, बाकीचे मी काढून घेते."

मी हटले नाही. तुम्हीही हटला नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी बघितलं, गरगरतंय म्हणणारीचे डोळे तुम्ही पापणी वर करून निरखत होतात. एका म्हातारीची बुबुळं एकाच बाजूला सारखी झटके देत होती. "बघणाऱ्याला दिसतं ते गरगर," तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "हिचं दिसतंय बघ. कानाचं दुखणं असणार." तिला तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवलंत. संध्याकाळी परतताना म्हणालात, "तुझं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही गं." तुमच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं. मी ते दोन दिवस मिरवलं.

आणि मग हौसा.

ती आली तेव्हा तुम्ही एकीच्या पायातला काटा काढत होतात. हौसा उभीच राहिली. वीस-एकवीसची असेल. अंगानं काडी. "बाई, गरगरतंय," म्हणाली, आणि ते म्हणताना तिनं पदर पुढे ओढून घेतला. तुम्ही तिच्याकडे एकदा बघितलंत आणि काटा काढणं पुरं केलंत. मग तिला सावलीच्या मागच्या अंगाला नेलंत. मला ऐकू येत होतं.

"कितवा?"

"काय कितवा?"

"मला नको सांगू. पोटातल्याला तर ठाऊक आहे."

मग ती म्हणाली, "पाचवा लागलाय. सांगू नगा बाई कुनाला. मुकादम म्हनतो, गरवारशीला कामावर ठेवून जोखीम कोन घेनार? नाव कमी करतोय. घरात दुसरं कुनी कमवतं न्हाई. मालक सुरतंला गेल्यात, त्यांचा सांगावा न्हाई."

तुम्ही मुकादमाला जाऊन सांगितलंत, हिच्या हाताला गळू झालंय, खोऱ्या-घमेल्याला लावू नका, पाणी वाटायला द्या. तो कुरकुरला, पण त्यानं ऐकलं. त्या संध्याकाळी आपलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, तिला घरीच बसवायला हवं. या उन्हात ती कोसळली तर दोन जीव जातील, आणि गळवाची थाप कुणाच्या कामी येणार नाही. तुम्ही म्हणालात, घरी बसली तर उपाशी बसेल, सुकडीही जाईल, मग काय वाचेल? मी म्हटलं, निदान तिच्या सासूला सांगा. तुम्ही म्हणालात, तिनं मला सांगितलंय, तिच्या सासूला नाही. मी म्हटलं, तुम्ही लपवायला मदत करताय. तुमचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

"मग काय करू? सांग ना! तू सांग काय करू!"

आपण पाठीला पाठ लावून झोपलो. सकाळी तुम्ही मला उठवून चहा दिलात आणि तो विषय दोघींनीही काढला नाही.

त्याच आठवड्यातली ती फुगडी. दुपारच्या सुट्टीत बायका सावलीला टेकल्या होत्या. कुणीतरी कुणाला डिवचलं, आणि त्या तापल्या, भेगाळल्या जमिनीवर दोघी फुगडीला उभ्या राहिल्या. वाटलं होतं, यांच्यात बसायचंही त्राण नसेल. बघता बघता चार जोड्या झाल्या. एक म्हातारी तुमच्यापुढे येऊन म्हणाली, "या की बाई. का नर्सला फुगडी चालत न्हाई?" तुम्ही चष्मा काढून माझ्या हातात दिलात. पांढऱ्या साडीचा पदर खोचलात. आधी हळू, मग पाय जवळ घेऊन, अंग मागे टाकून, अशी गिरकी घेतलीत की तुमची पांढरी साडी आणि म्हातारीचं हिरवं लुगडं वेगळं दिसेना. बायका ओरडत होत्या. झोळीतली पोरं जागी झाली. मी तुम्हाला इतकं मोठ्यानं हसताना त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या हसण्याबद्दल मी त्या म्हातारीचे आभार मानायला हवे होते. नाव विचारायचं राहिलं.

थांबल्यावर तुम्ही बांबू धरून उभ्या राहिलात. जरा जास्तच वेळ. मी विचारलं, "गरगरतंय का?" तुम्ही म्हणालात, "गरगर करून घेतलं तर गरगरणारच. बसलं की थांबेल." पण तुम्ही बसला नाहीत. तसंच बांबूला धरून राहिलात.

मला तुमचा राग येतो, वन्सं. सगळं बधिर आहे, त्यात राग तेवढा जागा आहे. दुसऱ्यांच्या पापण्या वर करून बघणाऱ्या तुम्ही. दंडाला पट्टा गुंडाळून रक्तदाब बघायचं ते यंत्र तुमच्या पेटीतच होतं. तुमच्या दंडाला ते कधी लागलं का? त्यानंतरही तुम्ही दोनदा बांबू धरलात. मी विचारलं तर "ऊन आहे" म्हणालात. त्या बायकांना जे विचारायचात, त्यातलं एक तरी स्वतःला विचारलं होतंत का? की विचारलं होतंत, आणि उत्तर माहीत होतं?

त्या दिवशी तुम्ही एकीचं ठेचलेलं बोट बांधत होतात. बँडेजची गुंडाळी तुमच्या हातून सुटली आणि उताराला लागली. मागे पांढरी पट्टी सोडत खाली गेली. तुम्ही तिच्याकडे बघत म्हणालात, "गरगर."

मी हसून म्हटलं, "घरंगळली म्हणा. गरगर नाही."

तुम्ही माझ्याकडे वळलात. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. "गरगर," तुम्ही पुन्हा म्हणालात, आणि उजवा हात मांडीवर पडला. तो मग उचलला गेला नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे की नाही, मला माहीत नाही. डोळे उघडे होते. म्हणून सांगते.

कामावर वाहन नव्हतं. पाण्याचा टँकर नुकताच आला होता. आदल्या दिवशी तो आलाच नव्हता. बायका हंडे-घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या, नळी अजून लावायची होती. मी ड्रायव्हरला म्हटलं, तालुक्याला घेऊन चल. तो म्हणाला, "रिकामा केल्याबिगर कसा नेऊ? पानी वतून घिऊ द्या, मग निघतो." मी रांगेकडे बघितलं. तेवढ्यात हौसा पुढे झाली. तिनं आपला हंडा उलटा करून जमिनीवर ठेवला.

"पानी ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "न्या आदी बाईस्नी."

तिच्यामागची म्हणाली, "व्हय, न्या. आमी ऱ्हातो एक दिस." कुणी वाद घातला नाही. एकामागून एक हंडे उलटे झाले. मुकादमानं आणि ड्रायव्हरनं तुम्हाला उचलून केबिनमध्ये ठेवलं. तुमचं डोकं माझ्या मांडीवर. मागे टाकीतलं पाणी प्रत्येक खड्ड्याला आपटत होतं.

मी विचारलं, "वन्सं, पाणी हवंय का?"

"गरगर."

"डोकं दुखतंय?"

"गरगर."

"माझं ऐकू येतंय ना?"

"गरगर."

दुसरा शब्दच येईना. तुम्ही प्रयत्न करत होतात, ओठ वेगळे जुळवत होतात, पण बाहेर तेच पडत होतं. एकदा तुम्ही रागावून म्हणालात. एकदा समजावल्यासारखं, जशा तुम्ही त्या बायकांशी बोलायचात. एकदा तर मला वाटलं, तुम्ही गंमत करताय, आत्ता म्हणाल, बघ, कसा कामाचा शब्द आहे. मी विचारलं, "तुमच्या भावाला बोलावून घेऊ का?" त्यालाही "गरगर", पाण्याला म्हणाला होतात अगदी तसंच. तुमचा डावा हात माझ्या मनगटावर होता. बोटं नाडीवर. सवयीनं असेल.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, मेंदूत रक्तस्राव झालाय, नगरला हलवण्यासारखी अवस्था नाही. मी यांना तार केली. दिवस मावळायच्या सुमाराला तुमची बोटं सैल पडली. मी तशीच बसून होते. हे दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचले. माझ्याकडे न बघता आधी तुमच्या पायांवर हात ठेवून उभे राहिले, आणि तेव्हापासून कालपर्यंत तुमच्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

काल खोली आवरून झाल्यावर मी कामावर जाऊन आले. हौसा सावलीखाली बसली होती, झोळ्यांना झोका देत. तिचं पोट आता पदराआड लपत नव्हतं. मी विचारलं, "मुकादमाला कळलं का?"

"कळलं," ती म्हणाली. "सासूबी आल्ती हितं. बोलली लई. मग बायकाच म्हनल्या, हिचं घमेलं आमी उचलू, हिला पोरं सांबाळू द्या. मुकादम गप बसला." मग म्हणाली, "नवी नर्स येनार हाय म्हनत्यात. तिला समदं पयल्यापासनं सांगावं लागंल का वो? माज्यानं न्हाई व्हायचं."

म्हणजे माझं म्हणणं, की सासूला कळायला हवं, ते खरं ठरलं. आणि तुमचं म्हणणं, की ती कामावर राहायला हवी, तेही. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. सांगितलं. मी जिंकले असं वाटत नाही, तुम्ही जिंकलात असंही नाही.

परतीच्या गाडीत हे खिडकीशी बसले होते. करंजीचा घाट लागला, गाडी वळणं घेऊ लागली, तेव्हा यांनी बाहेर बघतच विचारलं, "शेवटी काही बोलली का आक्का?"

हा प्रश्न तेराव्याला येणाऱ्या प्रत्येकानं विचारला होता. सगळ्यांना मी सांगितलं होतं, शुद्ध नव्हती. यांना तसं सांगता येईना.

"एकच शब्द," मी म्हटलं. "पुन्हा पुन्हा. गरगर म्हणत होत्या. आजारात होतं तसं, डॉक्टर म्हणाले. बाकीचे शब्द जातात."

हे खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मी चार-पाच वर्षांचा असेन. खळ्यावर ती माझे दोन्ही हात धरून मला फिरवायची. पाय जमिनीवरून सुटायचे. मी भिऊन ओरडायचो, आणि खाली ठेवलं की पुन्हा म्हणून मागे लागायचो. मग तिची ती हाकच झाली. मी कुठेही खेळत असलो तरी दारातून ओरडायची, गरगर! मी असेन तिथून धावत यायचो." त्यांनी चष्मा काढला. "ती मला हाक मारत होती."

इतक्या वर्षांत हे मला यांनीही सांगितलं नव्हतं, तुम्हीही नाही. एवढं त्या शब्दावरून भांडलो आपण, तुम्ही एकदाही याचं नाव काढलं नाहीत.

मी काय म्हणणार होते? की पाण्यालाही तेच म्हणत होत्या, डोकेदुखीलाही तेच? हे रडत होते, लहान मुलासारखे, आवाज करून. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून बघितलं आणि आपली टोपली पायांपाशी ओढून घेतली.

मग यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "कशी म्हणाली? म्हणून दाखव."

"आत्ता? इथे?"

"दाखव ना."

गाडीत माणसं होती. मी यांच्या कानाशी वाकले आणि म्हणून दाखवलं. तुमचा सूर माझ्या आवाजात कितपत उतरला, मला माहीत नाही. केबिनमध्ये तुम्ही तो किती वेगवेगळ्या तऱ्हांनी म्हणाला होतात, त्यातली कुठली तऱ्हा माझ्या तोंडून निघाली, तेही माहीत नाही.

यांनी डोळे मिटून ऐकलं.

"अशीच," ते म्हणाले. "अगदी अशीच."